समशेर : वडोदऱ्याच्या नाण्यावरचे, पण पाळण्यात दुर्मीळ नाव

समशेर. लेखनभेद : शमशेर. मुलाचे नाव. मूळ भाषा फारसी. अर्थ : तलवार, विशेषतः वाकड्या पात्याची. मराठीत शब्द म्हणून सर्वांच्या ओळखीचा, माणसाचे नाव म्हणून फार थोड्या घरांत आढळणारा.

वडोदऱ्यातल्या मराठी माणसाने हा शब्द लहानपणापासून ऐकलेला असतो. गायकवाड महाराजांचे पूर्ण नाव लिहायचे झाले की त्यात 'सेनाखासखेल समशेर बहादूर' हा किताब येतो. जुने हुकूम, सनदा, महाराजांना अर्पण केलेली पुस्तके, यांपैकी काही ना काही घरात असलेली कुटुंबे आपल्यात अजून आहेत. असे असूनही बारशाच्या वेळी नावे निघू लागली की 'समशेर' कोणी सुचवत नाही. आणि सुचवलेच, तर दोन शंका हमखास निघतात. हे नाव आपल्यातले आहे का? आणि हा किताब मस्तानीच्या मुलावरून आला का? दुसऱ्या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येते : नाही. पहिलीला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

अर्थ आणि मूळ

आजच्या इराणात या शब्दाचा उच्चार 'शमशीर' असा होतो. फारसी हिंदुस्थानात रुजली त्या काळचा 'ए' आपल्याकडे टिकून राहिला, तिकडे त्याचा 'ई' झाला. म्हणून सिंहाला आपण 'शेर' म्हणतो आणि इराणी माणूस 'शीर'. मराठीने पुढे आपल्या जिभेप्रमाणे सुरुवातीच्या 'श'चा 'स' केला. शाबाशचे शाबास आणि फर्माइशचे फर्मास झाले, त्याच चालीवर शमशेरचे समशेर. तेव्हा 'समशेर' हे अशुद्ध आणि 'शमशेर' हे शुद्ध, असे समजण्याचे कारण नाही. एक फारसी रूप आहे, एक मराठी.

शब्दाच्या शेवटी 'शेर' ऐकू येतो, म्हणून 'शम' म्हणजे नख आणि 'शेर' म्हणजे सिंह, मिळून 'सिंहाचे नख', अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. नावांच्या पुस्तकांतही ती छापलेली असते. ऐकायला सुंदर आहे, तलवारीच्या बाकाला शोभतेही. पण ती टिकत नाही. इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत तलवारीला 'शमशेर' किंवा 'शफशेर' म्हणत, आणि त्याच काळी सिंहाला मात्र 'शग्र' म्हणत. 'शग्र'चा 'शेर' नंतर झाला. म्हणजे तलवारीच्या नावातला 'शेर' सिंहाच्या नावाला 'शेर' हे रूप येण्याआधीपासून आहे. शिवाय त्या काळच्या इराणी तलवारी सरळ पात्याच्या असत. वाकडे पाते नंतरचे आणि त्याचा डौलदार घाट तर सफवी बादशहांच्या काळातला. नख सुचावे असे त्या जुन्या तलवारीत काही नव्हते. (मराठीत 'शेरास सव्वाशेर' म्हणताना जो शेर येतो, तो तर मापाचा. त्याचा आणि सिंहाचा काही संबंध नाही, पण तो ऐकूनही पुष्कळांना सिंहच आठवतो.)

या शब्दाचा एक फार जुना लिखित उल्लेख ग्रीक भाषेत सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात जोसेफस या यहुदी इतिहासकाराने आदियाबेने या राज्याची हकिकत लिहिली आहे; हा मुलूख आजच्या उत्तर इराकमध्ये येतो. तिथला राजा वारल्यावर राणी हेलेनाने थोरल्या मुलाच्या हाती कारभार सोपवला. त्या वेळी तिने त्याला मुकुट, वडिलांची मुद्रा आणि तिथले लोक जिला 'सांप्सेरा' म्हणत ती वस्तू दिली, असे तो सांगतो. सांप्सेरा म्हणजे आपलीच समशेर. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही ही नुसती लढायची तलवार नव्हती, अधिकार सोपवल्याची खूण होती. वडोदऱ्यात ती ज्या वाटेने आली, तीही हीच.

किताब वडोदऱ्याला कसा आला

१७२० मध्ये वऱ्हाडात, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापुराजवळ, निजामुल्मुल्क आणि दख्खनचा मोगल अधिकारी आलम अली खान यांची लढाई झाली. मराठी फौज आलम अलीच्या मदतीला होती आणि तिच्यात सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या हाताखाली दमाजी गायकवाड लढत होते. लढाई निजामाने जिंकली, आलम अली मारला गेला. पण दमाजींचा पराक्रम सेनापतींच्या नजरेत भरला. त्यांच्या शिफारशीवरून शाहू महाराजांनी दमाजींना सेनापतींच्या खालचा हुद्दा आणि 'समशेर बहादूर' हा किताब दिला. हरलेल्या लढाईत मिळवलेला हा मान आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सांगायला हवी.

दमाजी लवकरच वारले आणि मान त्यांचे पुतणे पिलाजीराव यांच्याकडे आला. पिलाजीरावांनी सोनगडचे ठाणे बांधून गुजरातेत पाय रोवले. १७३१ मध्ये आपल्या डभोईजवळ पहिला बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. त्र्यंबकराव पडले. पिलाजीराव दाभाड्यांच्या बाजूने लढले होते. तरीही पुढच्या तडजोडीत अल्पवयीन यशवंतराव दाभाड्यांचे मुतालिक म्हणून त्यांना कायम करण्यात आले आणि 'समशेर बहादूर'च्या जोडीला 'सेनाखासखेल' हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी डाकोरला त्यांचा दगा करून खून झाला. त्यांचे चिरंजीव दुसरे दमाजीराव यांच्या काळात वडोदरा गायकवाडांकडे पक्के झाले.

या किताबाचे शब्द सुटे करून पाहिले तर गंमत दिसते. 'सेना' संस्कृत. 'खास' आणि 'खेल' अरबी. खेल म्हणजे घोडदळ, पथक. 'समशेर' फारसी. 'बहादूर' मुळात मध्य आशियातल्या तुर्क-मंगोलांचा शब्द, फारसीतून आपल्याकडे आलेला. छत्रपतींनी मराठा सरदाराला दिलेल्या पाच शब्दांच्या मानात एवढ्या भाषा एकत्र बसल्या आहेत आणि त्या काळी कोणाला त्यात काही विसंगत वाटले नाही.

खंडेराव महाराजांच्या काळच्या (१८५६ ते १८७०) रुपयांवर हा किताब फारसी अक्षरांत आहे आणि सोबत तलवारीचे चित्र आहे. सयाजीराव महाराजांच्या नाण्यांवर मजकूर नागरीत आला, पण तलवार राहिली. रुपयावर ती आहेच, तांब्याच्या पैशावर घोड्याच्या खुराशेजारीही आहे. ज्यांच्या घरी पणजीच्या डब्यातला असा पैसा आहे, त्यांनी तो भिंगाखाली धरून पाहावा. ती आडवी, किंचित वाकलेली रेघ म्हणजेच समशेर. सयाजीराव महाराज १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा त्यांचे 'गोपाळ' हे नाव बदलले. किताब मात्र गादीबरोबर जसाच्या तसा त्यांच्याकडे आला.

ज्या मुलाचे ते नाव झाले

डभोईच्या लढाईनंतर तीन वर्षांनी, १७३४ मध्ये, बाजीराव आणि मस्तानी यांना मुलगा झाला. त्याचे नाव कृष्णराव होते. त्याची मुंज व्हावी ही बाजीरावांची इच्छा होती. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला. मुलगा मुसलमान म्हणून वाढला आणि समशेर बहादूर या नावाने ओळखला गेला. आईवडील दोघेही १७४० मध्ये गेले. पुढे काशीबाईंनी त्याला सांभाळले आणि पेशव्यांच्या घरात, भावंडांबरोबर, तो सरदार म्हणून तयार झाला.

गायकवाडांचा किताब १७२० चा, हा मुलगा १७३४ चा. कालक्रम एवढा स्पष्ट असताना चित्रपट आणि मालिकांमुळे उलटा समज पसरला आहे. दोन्हीकडचे शब्द तेच, कारण 'बहादूर' जोडून मान देण्याची ही त्या काळची दरबारी पद्धतच होती.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हे दोन्ही 'समशेर बहादूर' हजर होते. दुसरे दमाजीराव गायकवाड, ज्यांचा तो वंशपरंपरेचा किताब, इब्राहिमखान गारद्याच्या शेजारी लढले आणि वाचून गुजरातेत परतले. पेशव्यांचा समशेर बहादूर, ज्याचे ते नाव, जखमी होऊन सूरजमल जाटाच्या मुलखापर्यंत पोहोचला आणि तिथे वारला. वय सत्तावीसच्या आत-बाहेर. पानिपताच्या याद्या वाचताना या दोघांची गल्लत होते, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवले.

त्याच्या वंशात नाव चालू राहिले. मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात गेला. त्याच्या मुलाचे नाव पुन्हा समशेर बहादूर. नातवाला आजोबाचे नाव, ही आपली घरोघरची रीत बांद्याच्या नवाबांकडेही पाळली गेली. हा दुसरा समशेर बहादूर १८२३ मध्ये वारला. त्याच्यानंतर गादीवर आलेल्याचे नाव झुल्फिकार अली. झुल्फिकार हेही एका तलवारीचेच नाव, हजरत अलींच्या. १८५७ मध्ये झाशीच्या राणीच्या बाजूने उभा राहिलेला बांद्याचा नवाब अली बहादूर हा याच घराण्यातला.

मराठी इतिहासात ठळकपणे दिसणारा या नावाचा पहिला माणूस हा. आणि त्याला ते नाव लागले, ते त्याचे दुसरे नाव इतरांना मान्य नव्हते म्हणून. 'समशेर' आपल्यातले का, असे विचारताना हे विसरता येत नाही.

मग दुर्मीळ का?

फारसी आहे म्हणून, हे उत्तर पटत नाही. 'शहाजी'कडे पाहा. मालोजीराजांना मूल होत नव्हते. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराच्या कृपेने दोन मुलगे झाले, म्हणून थोरला शहाजी आणि धाकटा शरीफजी. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी 'शिवभारता'त ही हकिकत संस्कृतात दिली आहे. 'शाह' हा शुद्ध फारसी शब्द, अर्थ राजा. त्याला 'जी' लागला आणि तो इतका आपला झाला की तंजावर, सातारा, कोल्हापूर या तिन्ही गाद्यांवर शहाजी होऊन गेले. आज त्या नावाचे मूळ कोणाच्या ध्यानीमनीही नसते. 'फत्तेसिंह'मधली फत्ते अरबी, फारसीच्या वाटेने आलेली. वडोदऱ्याच्या राजघराण्यात ते नाव पिढ्यापिढ्यांतून आले : अठराव्या शतकातले फत्तेसिंहराव, सयाजीरावांचे थोरले चिरंजीव युवराज फत्तेसिंहराव (१८८३ ते १९०८), आणि क्रिकेटमुळे देशभर माहीत झालेले फत्तेसिंहराव (१९३० ते १९८८). दौलतराव, गुलाबराव, हैबतराव, खुशालराव ही सगळी त्याच वाटेवरची.

शस्त्राचे नाव म्हणून टाळले जाते, हेही खरे नाही. 'चंद्रहास' हे नाव आपण कौतुकाने ठेवतो. शंकराने रावणाला दिलेल्या तलवारीचे ते नाव आहे.

खरे कारण, माझ्या मते, किताबात आहे. शहाजी नवसाने आला आणि थेट पाळण्यात गेला. फत्तेसिंह सुरुवातीपासून नावच होते. समशेर मात्र आपल्याकडे दरबारातून आली, सनदेवर आणि नाण्यावर बसली. ती गादीची खूण होती, घरातल्या मुलाची नव्हे. प्रजेतल्या कोणी आपल्या मुलाला ते नाव देणे अगोचरपणाचे वाटले असणार. पण त्याहून बोलका पुरावा खुद्द गायकवाडांचा आहे. पिलाजी, दमाजी, सयाजी, फत्तेसिंह, मानाजी, गोविंदराव, आनंदराव, गणपतराव, खंडेराव, मल्हारराव, प्रतापसिंह : गादीवर बसलेल्यांत एकही समशेर नाही. किताब अंगावर होता, तो पुन्हा पाळण्यात कशाला घालायचा?

विसाव्या शतकात आणखी एक गोष्ट घडली. मराठीतून फारसी-अरबी शब्द काढून टाकण्याची भाषाशुद्धीची चळवळ जोरात आली. या चळवळीतले एक मोठे नाव वडोदऱ्यात जन्मलेले आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांचा जन्म १८९४ मध्ये इथला. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला, उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मराठीत आणल्या. आणि त्याच माणसाने पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून मराठीने परके शब्द कमी करावेत अशी बाजू मांडली. गंमत अशी की त्याच सुमारास इथल्या दरबाराने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश काढला (१९३१), तो इतर भाषांबरोबर फारसीलाही जागा देणारा होता. लोकांच्या नामकरणावर मात्र चळवळीच्या वाऱ्याचा परिणाम झाला असावा. त्या पिढीपासून संस्कृत नावांची आवड वाढली, 'राव' आणि 'जी' गेले, आणि जी फारसी नावे आधीच घरात मुरलेली नव्हती त्यांना दार उघडेनासे झाले.

आपल्या शेजारचे उदाहरणही बोलके आहे. बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातल्या पारशी कुटुंबांत जमशेद, रुस्तम, सोहराब, फरेदून अशी इराणी नावे भरपूर. पण ती सगळी शाहनाम्यातल्या राजांची आणि वीरांची. तलवारीचे नाव मुलाला देण्याची चाल इराणकडून आलेली दिसत नाही. शब्द फारसी खरा, पण मुलाचे नाव म्हणून 'समशेर' वाढले ते हिंदुस्थानात.

कुठे कुठे आढळते

सर्वांत जास्त पसारा नेपाळात. धीर शमशेर यांच्या वंशजांनी १८८५ ते १९५१ नेपाळचे पंतप्रधानपद हाती ठेवले : वीर, देव, चंद्र, भीम, जुद्ध, पद्म आणि मोहन, सातही जण 'शमशेर'. तिथे ते घराण्याची ओळख सांगणारे मधले नाव होऊन बसले. पंजाब आणि हरियाणात शमशेरसिंह हे शीख व हिंदू दोन्ही कुटुंबांत रुळलेले नाव आहे. हिंदीतले कवी शमशेर बहादुर सिंह (१९११ ते १९९३) यांना १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अभिनेते शम्मी कपूर यांचे खरे नाव शमशेर राज. मराठी मुलखात मराठा सरदार घराण्यांतून 'समशेरसिंह' असे जोडनाव अधूनमधून भेटते. नुसते 'समशेर' त्याहून विरळ.

ठेवायचे असेल तर

उच्चार तीन टप्प्यांत, सम-शे-र, शेवटचा 'र' मोकळा. मराठी आडनावांशी चांगले जुळते. फक्त मधल्या वडिलांच्या नावात पुन्हा 'सिंह' येत असेल तर 'समशेरसिंह' करू नये, कानाला जड होते. घरात हाक मारायला 'समू' किंवा 'शमी' सोपे. शमी म्हटले की दसऱ्याच्या शमीच्या झाडावर पांडवांनी शस्त्रे ठेवली ती आठवण आपसूक होते. व्युत्पत्तीने संबंध नाही, पण आजीला सांगायला बरे.

'स' की 'श' हे बारशाआधी ठरवावे. जन्मदाखल्यावर गुजरातीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असे झाले की पुढे प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. मराठी परंपरेचे हवे असेल तर 'समशेर'च लिहावे. बखरी आणि कागदपत्रांतले रूप ते आहे.

राशीवरून अक्षर पाहणाऱ्यांसाठी : 'स' आणि 'श' दोन्ही बहुधा कुंभेत धरतात, तरी आपल्या गुरुजींना विचारून घ्यावे.

आणि 'बहादूर' जोडू नये. मराठीत 'बहाद्दर'ला आता चिमटा लागला आहे. 'काय बहाद्दर आहेस!' हे शाबासकी म्हणून क्वचितच म्हटले जाते. शाळेत पोराला ते रोज ऐकावे लागेल.

ज्या सभासदांच्या घराण्याच्या वंशावळीत, जुन्या पत्रिकेत किंवा सनदेत 'समशेर' हे व्यक्तिनाम आढळत असेल, त्यांनी त्या पानाची छायाप्रत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. मूळ कागद देऊ नये. नाव कोणत्या पिढीत, कोणत्या गावी आणि कोणाच्या नावावरून ठेवले एवढे मागे पेन्सिलीने लिहिले तरी पुरे.